माणूस न फिरकलेल्या मातीत औषधाला दाद न देणारे जिवाणू कसे?

पेट्रीवाला

मंडळी, डोकं भंजाळलंय म्हणून हा धागा.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी जंगलातल्या मातीतले जिवाणू वेगळे करतोय. जागा मुद्दाम अशी निवडली की जिथे शेती नाही, गुरं नाहीत, सांडपाणी नाही. पायवाट संपल्यावरही बराच वेळ चालावं लागतं. बेत साधा होता. ही झाली ‘स्वच्छ’ माती, हिची तुलना नदीकाठच्या गाळाशी करायची. स्वच्छ मातीतले जिवाणू प्रतिजैविकांनी (अँटिबायोटिक औषधांनी) पटापट मरणार, गाळातले तग धरणार, आलेख काढायचा आणि प्रबंध बांधायला टाकायचा.

झालं भलतंच. अँपिसिलिन घातलेल्या प्लेटवर जंगलाची माती पसरली तर दोन-तीन दिवसांत वसाहतींची गर्दी. टेट्रासायक्लिनवर कमी, पण आहेत. त्यातली एक पांढरट, खडूच्या भुकटीसारखी वसाहत तर मी लावलेल्या सहापैकी चार औषधांना भीक घालत नाही. झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास येतो, त्यावरून स्ट्रेप्टोमायसिस हा मातीतला जिवाणू असावा.

याच्या खापरपणजोबानेही कधी कॅप्सूल पाहिली नसेल. मग हा शिकला कुठे? गाइड म्हणतात, ‘आधी वाच, मग माझ्याकडे ये.’ वाचतोयच, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो.

जुना_वाचक

चांगला विषय. वाचनखूण साठवली आहे.

अवांतरे

उलटं विचारताय राव. कॅप्सूल त्याच्याच कारखान्यातून निघालीय, तो कशाला घाबरेल तिला?

जिवाणूताई

अवांतरे गमतीत बोलून गेले, पण उत्तर जवळजवळ तेच आहे.

आपण म्हणतो ‘माणसाने प्रतिजैविकं तयार केली’. बरीचशी आपण फक्त शोधली. १९४३ मध्ये वाक्समन या संशोधकांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याला (हो पेट्रीवाला, विद्यार्थ्यालाच) स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या वाक्समनना मिळालं, तो वेगळ्या धाग्याचा विषय. टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन, व्हँकोमायसिन, सगळ्यांचं माहेर मातीच. तुमची ती खडूसारखी वसाहत याच कुळातली दिसते.

आता विचार करा, जो जिवाणू स्वतः विष बनवतो त्याच्याकडे उतारा नसेल तर पहिला बळी तोच. त्यामुळे या जिवाणूंमध्ये विष बनवणाऱ्या जनुकांच्या शेजारीच बहुतेक वेळा उताऱ्याचं जनुक बसलेलं असतं. आणि शेजारी राहणाऱ्यांनाही कोट्यवधी वर्षं हेच विष चाखत जगायचं होतं, तेव्हा त्यांनीही आपापले उपाय काढले. कोणी औषधाचा रेणू तोडतो, कोणी त्याला एखादी शेपटी चिकटवून निकामी करतो, कोणी आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतो, तर कोणी औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलून टाकतो.

१९७३ मध्ये बेनव्हेनिस्टी आणि डेव्हिस यांनी दाखवलं की मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमध्ये ज्या प्रकारची विकरं (एन्झाइम) औषध निकामी करतात, त्याच प्रकारची विकरं रुग्णांमधल्या प्रतिरोधी जिवाणूंत आहेत. तिथून ‘हे सगळं मातीतून आलं असावं’ हा विचार मूळ धरू लागला. २००६ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटाने मातीतले असे ४८० जिवाणू २१ प्रतिजैविकांवर तपासले. एकही जिवाणू सगळ्या औषधांना बळी पडणारा निघाला नाही. सरासरी प्रत्येक जण सात-आठ औषधांना पुरून उरला आणि दोघे तर २१ पैकी १५ औषधांना. तुमचा खडूवाला सहापैकी चार म्हणजे त्या मानाने मवाळच.

आणखी एक. पेनिसिलिन तोडणारं विकर अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच नोंदवलं होतं. तेव्हा पेनिसिलिन दवाखान्यात पोचलंही नव्हतं.

पेट्रीवाला

ताई, दंडवत. म्हणजे माझी ‘स्वच्छ माती’ ही कल्पनाच चुकीची? पण मग किती जुनं म्हणायचं हे? कोणी वय काढलंय का?

जिवाणूताई

काढलंय, आणि ते प्रयोग फार देखणे आहेत.

कॅनडाच्या युकॉन भागात ३०,००० वर्षं गोठून राहिलेली जमीन आहे. तिच्यातून डीएनए काढला. बाहेरचा डीएनए आत गेला तर सगळं मुसळ केरात, म्हणून खोदताना वरून चमकणारा जिवाणू फासला होता, म्हणजे गाभ्यात कुठे त्याचा मागमूस लागला तर नमुना बाद. त्या बर्फाळ गाभ्यात मॅमथच्या डीएनएबरोबर पेनिसिलिन गटाला, टेट्रासायक्लिनला आणि व्हँकोमायसिनला पुरून उरणारी जनुकं सापडली. त्यातलं व्हँकोमायसिन-प्रतिरोधाचं प्रथिन पुन्हा तयार करून त्याची त्रिमिती रचनाही काढली, ती आजच्यासारखीच. हा शोधनिबंध २०११ चा.

पुढच्याच वर्षीचा दुसरा. न्यू मेक्सिकोत लेचुगिया नावाची खोल गुहा आहे. जिथून नमुने घेतले तो भाग ४० लाखांहून जास्त वर्षं पृष्ठभागापासून तुटलेला होता. वरचं पाणी झिरपून पोचायलाच हजारो वर्षं लागतात. तिथल्या भिंतीवरचे काही जिवाणू बाजारात मिळणाऱ्या १४ प्रतिजैविकांना दाद देईनात.

रेणूंच्या वंशावळीवरून बघितलं तर पेनिसिलिन तोडणाऱ्या विकरांची एक शाखा दोन अब्ज वर्षांहून जुनी असावी असा अंदाज आहे. तेव्हा झाडं नव्हती, प्राणी नव्हते. आपण तर कुठल्या झाडाचा पाला.

तर्कट

मग मुद्दाच निकालात निघाला की!

गेली दहा वर्षं ऐकतोय, अँटिबायोटिक जपून वापरा, जनावरांना देऊ नका, नदीत सोडू नका, नाहीतर प्रतिरोधी जिवाणू तयार होतील. आता ताईच सांगतात की ते ४० लाख वर्षांपूर्वीपासून गुहेत बसलेत. जे निसर्गातच आहे त्याचं खापर माणसाच्या माथी का? भूकंपालाही मग आपणच जबाबदार म्हणा. (हलके घ्या, पण प्रश्न गंभीर आहे.)

अवांतरे

धाग्याचे शंभर प्रतिसाद नक्की. तर्कटसाहेब आले.

जिवाणूताई

तर्कट, प्रश्न रास्त आहे, पण तुम्ही ‘जनुक आहे’ आणि ‘जनुक रोग करणाऱ्या जिवाणूत आहे’ या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरताय.

मरे नावाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९१७ ते १९५४ या काळात आतड्यातले जिवाणू गोळा करून बंद नळ्यांत ठेवले होते. यातले बहुतेक प्रतिजैविकं सर्रास वापरात येण्याआधीचे. १९८३ मध्ये ह्यूज आणि दत्ता यांनी त्या नळ्या उघडून पाहिल्या. जवळपास एक चतुर्थांश जिवाणूंमध्ये प्लाझ्मिड होते. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएची छोटी सुटी कडी, एका जिवाणूतून दुसऱ्यात पूल टाकून जाणारी. पण त्या प्लाझ्मिडांवर प्रतिजैविकांच्या प्रतिरोधाची जनुकं नव्हती. आज त्याच जातींच्या प्लाझ्मिडांवर पाच-पाच, सात-सात औषधांचा प्रतिरोध एकत्र बांधलेला सापडतो.

म्हणजे गाड्या होत्या, रिकाम्या धावत होत्या. माल गोदामात, मातीत पडून होता. आपण ऐंशी वर्षांत हा माल गाडीत चढवण्याची सोय करून दिली. आणि ही सोय किती झपाट्याने होते ते बघा. जपानमध्ये १९५० च्या दशकात आमांशाचे जिवाणू एकदम चार औषधांना प्रतिरोधी निघायला लागले. चार वेगवेगळी उत्परिवर्तनं एका जिवाणूत एकाच वेळी घडणं अशक्यच, तेव्हा कोडं पडलं. १९५९ मध्ये कळलं की चारही गुण आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूकडून आमांशाच्या शिगेलाकडे एका झटक्यात जातात.

गुहेतला जिवाणू माणसाला काही करत नाही. त्याचं जनुक भटकं झालं तर मात्र चिंता.

बाह्यरुग्ण

मी या विषयातला नाही. पण गेल्या वर्षी आईला लघवीचा संसर्ग झाला होता, तेव्हा कल्चरच्या रिपोर्टवर ‘ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असं लिहून आलं. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांपैकी बहुतेकांपुढे ‘आर’, म्हणजे लागू पडणार नाही. शेवटी सात दिवस शिरेतून इंजेक्शनं. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगितलं, तरी मला एक कळलं नाही. आई घरातून फारशी बाहेरही जात नाही, अँटिबायोटिकही क्वचित घेते. तिच्यात हे आलं कुठून? याचा आणि मातीचा काही संबंध आहे का?

जिवाणूताई

संबंध आहे आणि तो बराच नीट शोधला गेलाय. आई आता बऱ्या असतील अशी आशा.

ईएसबीएल म्हणजे पेनिसिलिनपासून सेफोटॅक्झिमसारख्या नव्या सेफालोस्पोरिनपर्यंत सगळ्यांना तोडणारी विकरं. आज जगात यातली सर्वांत पसरलेली आहेत ‘सीटीएक्स-एम’ कुटुंबातली. नावातलं ‘एम’ म्हणजे म्यूनिक, तिथे १९८९ मध्ये सापडली म्हणून. तर या विकरांचं जनुक मुळात कोणाचं? क्लुयव्हेरा नावाच्या एका जिवाणूचं. तो पाण्यात, मातीत, सांडपाण्यात राहतो, माणसाला सहसा त्रास देत नाही. त्याच्या गुणसूत्रावर हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या निवांत पडलेलं होतं. मग एक उडी मारणारा डीएनएचा तुकडा त्याच्या शेजारी येऊन बसला आणि जनुकाला घेऊन प्लाझ्मिडवर उतरला. हे एकदाच नाही, अनेकदा, स्वतंत्रपणे घडलंय. प्लाझ्मिडवरून ई. कोलाय, ई. कोलायमधून आतडं. आतड्यात तो महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतो, पाण्यातून, अन्नातून किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाकडून आलेला. औषध न घेणाऱ्यालाही त्यामुळे तो मिळतोच.

असेच आणखी नमुने आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिनचा जोर कमी करणारं एक जनुक शेवानेला या पाण्यातल्या जिवाणूकडून आलंय. यातली गंमत अशी की सिप्रोफ्लॉक्सासिन पूर्णपणे माणसाने बनवलेलं औषध आहे, निसर्गात नव्हतंच. तरी त्याला अडवणारं प्रथिन आधीपासून तयार! बहुधा त्याचं मूळ काम दुसरंच काही असणार, या कामाला ते योगायोगाने उपयोगी पडलं.

बाह्यरुग्ण

आई ठणठणीत आहे, धन्यवाद. पाण्यातून येतं म्हणालात, ते सिद्ध झालंय की तर्क?

जिवाणूताई

थेट साखळी दाखवणं अवघड असतं, पण एक अभ्यास बोलका आहे. ब्रिटनमध्ये समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या १४३ जणांची आणि न खेळणाऱ्या १३० जणांची तपासणी केली (२०१८ मध्ये प्रसिद्ध). सीटीएक्स-एम जनुकवाला ई. कोलाय खेळणाऱ्यांपैकी ९ जणांच्या आतड्यात निघाला, इतरांपैकी फक्त दोघांच्या. आकडे लहान आहेत, त्यावर मनोरे रचू नयेत. पण दिशा कळते.

नळपाणी

मी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात काम करतो, अभियंता आहे, जीवशास्त्र नोकरीत शिकलो. आमच्या बाजूने दोन शब्द.

लोकांना वाटतं सांडपाणी प्रक्रिया केली की विषय संपला. आमचे एअरेशन टँक काय असतात? कोमट, अन्नाने भरलेलं पाणी, सतत हवा, एका थेंबात लाखो जिवाणू एकमेकांना चिकटून, गोळे करून बसलेले. त्यात आतड्यातून आलेले जिवाणू, मातीतले जिवाणू, लघवीतून आलेली न पचलेली औषधं, साबण, जंतुनाशकं, तांबं-जस्त. वर ताईंनी गाड्या आणि माल म्हटलं ना, हा यार्ड आहे. प्रक्रियेनंतर जिवाणूंची एकूण संख्या खूप घटते यात वाद नाही, नसती प्रक्रिया तर कल्पना करवत नाही. पण आमच्या निकषांत बीओडी, सीओडी (पाण्यातल्या घाणीची मापं) असतात, कोलिफॉर्म (विष्ठेची खूण देणारे जिवाणू) असतात. प्रतिरोधी जनुकं मोजा असं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. क्लोरीनने जिवाणू मेला तरी त्याचा डीएनए लगेच नाहीसा होतो असं नाही, आणि उघड्यावर पडलेला डीएनए उचलून घेणारे जिवाणू असतातच.

तांब्या-जस्ताचा उल्लेख मुद्दाम केला. धातू सहन करण्याचं जनुक आणि प्रतिजैविक सहन करण्याचं जनुक पुष्कळदा एकाच प्लाझ्मिडवर असतात. धातूचा मारा झाला की धातूवाला टिकतो, आणि त्याच्या पाठुंगळीला बसून औषधवालाही टिकतो. औषधाचा थेंब नसताना.

तर्कट

नळपाणी, माहितीपूर्ण. पण पाण्यात औषध किती असतं? एखाद्या जलतरण तलावात चिमूटभर. त्याने जिवाणू मरतही नाही, मग निवड कशाची होणार?

नळपाणी

मलाही तसंच वाटायचं. ताई सांगतील नीट.

जिवाणूताई

फार चांगला प्रश्न, कारण २०११ पर्यंत पुष्कळ तज्ज्ञांचंही हेच मत होतं.

आपण औषधाची ताकद कशी मोजतो? ज्या सर्वांत कमी मात्रेला जिवाणूची वाढ थांबते ती मात्रा. त्याखाली ‘काही होत नाही’ असं धरलेलं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या गटाने वेगळं करून पाहिलं. संवेदनशील (औषधाला बळी पडणारे) आणि प्रतिरोधी असे ई. कोलाय समसमान मिसळले, अगदी थोडं औषध घातलं आणि कित्येक पिढ्या वाढू दिले. थोड्या औषधाने संवेदनशील जिवाणू मरत नाही, पण किंचित मंदावतो. आणि शर्यत लांबली की किंचित मंदावलेलाही हरतो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत वाढ थांबवणाऱ्या मात्रेच्या २३० व्या हिश्शालाही प्रतिरोधी जिवाणू बाजी मारून गेला. म्हणजे लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम. तुमची चिमूट जवळजवळ तिथेच येऊन बसते.

आणि चिमूट कसली, कधीकधी पोतं असतं. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथे औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्याहून जास्त. वरच्या ०.१ शी भागून बघा, तीन लाख पट. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांच्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. सतरा वर्षांनी. यावर मी इथे जास्त लिहिलं तर संपादक मंडळ कात्री लावेल.

तर्कट

मान्य. तो आकडा मला माहीत नव्हता.

पण एक पत्ता माझ्याकडेही आहे. हेजहॉग! (साळिंदरासारखा काटेरी, पण बारका प्राणी.) मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये आलं. त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, म्हणजे एमआरएसए, त्यानंतर आला असं आपण शिकलो. पण २०२२ च्या ‘नेचर’मध्ये आलं की युरोपातल्या हेजहॉगांच्या अंगावर एमआरएसएचा एक प्रकार १८०० च्या सुमारापासून आहे. त्यांच्या कातडीवर एक बुरशी वाढते, ती स्वतः पेनिसिलिनसारखं रसायन सोडते. औषध नाही, डॉक्टर नाही, कारखाना नाही, तरी एमआरएसए. आणि हा तर रोग करणारा जिवाणू आहे, गुहेतला निरुपद्रवी नाही. आता बोला.

जिवाणूताई

बोलते काय, हा पत्ता चालला. मी वर म्हटलं त्यात दुरुस्ती. रोगकारक जिवाणूतही माणसाच्या मदतीशिवाय प्रतिरोध येऊ शकतो, त्याचा हा उत्तम दाखला. असाच दुसरा म्हणजे पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये एका सैनिकाकडून मिळालेला आमांशाचा जिवाणू जपून ठेवला होता. शंभर वर्षांनी तपासला तर पेनिसिलिन आणि एरिथ्रोमायसिन दोन्हींना प्रतिरोधी.

फक्त एक बघा. हेजहॉगच्या कातडीवरही निवड करणारं औषध होतंच, बुरशीने बनवलेलं. प्रतिरोध हवेतून नाही आला. आणि तो प्रकार आजही माणसातल्या एमआरएसएचा एक लहानसा हिस्सा आहे. दवाखान्यांत धुमाकूळ घालणारे बाकीचे प्रकार मोकाट झाले ते आपल्या औषधांच्या छायेत.

जुना_वाचक

वाद असा हवा. दोघांना +१.

खतावणी

शेतकरी आहे. शेणखत, कोंबडीखत सगळं वापरतो. नळपाणी साहेबांचं वाचून पोटात गोळा आला. जनावरांना दिलेलं औषध शेणातून मातीत जातं का? खत घालणं बंद करायचं की काय?

जिवाणूताई

खत घालणं बंद करू नका हो!

दिलेल्या औषधातला बराचसा भाग जनावराच्या शेण-मूत्रातून बाहेर पडतो हे खरं. टेट्रासायक्लिन मातीच्या कणांना चिकटून रेंगाळतं. शेणातले प्रतिरोधी जिवाणूही मातीत जातात, जरी आतड्यातले जिवाणू उघड्या जमिनीत फार काळ टिकत नाहीत. नेदरलँड्समध्ये १९४० ते २००८ पर्यंतच्या शेतमातीचे नमुने जपून ठेवले होते. त्यात प्रतिरोधाची जनुकं वर्षागणिक वाढत गेलेली दिसली, टेट्रासायक्लिनचं एक जनुक तर १९७० च्या दशकाच्या तुलनेत १५ पटींहून जास्त. तर्कट, ‘निसर्गातच आहे’ आणि ‘आपण वाढवतोय’ ही दोन्ही वाक्यं त्या एकाच बरणीतल्या मातीला लागू पडतात.

खत चांगलं तापू द्या, कुजू द्या. ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापला, वरखाली केला, तर आतड्यातले जिवाणू बहुतांश मरतात आणि काही औषधंही मोडतात. सगळी जनुकं नाहीशी होत नाहीत, पण ताज्या शेणापेक्षा पुष्कळ बरं. आणि निरोगी जनावराला ‘वाढीसाठी’ म्हणून प्रतिजैविक देऊ नका. युरोपीय संघाने २००६ पासून ते बंदच केलंय.

खतावणी

जीव भांड्यात पडला. ढीग तापतो आमचा, हात घालवत नाही. फळझाडांवर स्ट्रेप्टोमायसिनची फवारणी करतात काही जण, तेही यातच आलं म्हणायचं.

जिवाणूताई

आलंच. सफरचंदाच्या बागांत ते कित्येक दशकं चालू आहे आणि झाडाच्या रोगाचे जिवाणूही त्याला सरावलेत.

तर्कट

शेवटचा प्रश्न. समजा उद्यापासून सगळ्यांनी शहाणपणा केला, वापर थांबवला. प्रतिरोधाचं ओझं वाहणं जिवाणूला महाग पडतं म्हणतात. मग तो आपोआप ते टाकून देईल ना? दहा वर्षं थांबू, सगळं पूर्ववत.

नळपाणी

आमच्या टाकीत कोणी काही टाकून देताना पाहिलं नाही अजून :)

जिवाणूताई

कागदावर बरोबर आहे. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात सल्फा औषधाचा वापर ९७ टक्क्यांनी घटला. लंडनच्या एका रुग्णालयात ई. कोलायमधला सल्फा-प्रतिरोध १९९१ मध्ये सुमारे ४० टक्के होता. १९९९ मध्ये? ४६ टक्के. घटला नाहीच, वर चढला. कारण ते जनुक इतर औषधांच्या प्रतिरोधाबरोबर एकाच प्लाझ्मिडवर बांधलेलं. त्या इतर औषधांचा वापर चालूच होता, गाठोडं जसंच्या तसं पुढे गेलं.

शिवाय ओझं वाहता वाहता जिवाणूचा खांदा तयार होतो. दुसरीकडे कुठे तरी लहानसा बदल होतो आणि ते ओझं जाणवेनासं होतं.

सगळीकडे असंच होतं असं नाही. काही ठिकाणी वापर घटल्यावर प्रतिरोधही घटलाय. पण ‘आपोआप पूर्ववत’ यावर मी पैज लावणार नाही.

पेट्रीवाला

मंडळी, बारा दिवसांनी परत आलो. मध्ये सगळं पुन्हा केलं, कारण ताईंनी व्यनित (खासगी निरोपात) एक खवट प्रश्न विचारला: ‘प्लेटी किती दिवसांच्या होत्या?’ फ्रिजमध्ये महिनाभर पडलेल्या होत्या. अँपिसिलिन इतकं टिकत नाही. वर एखादा विकर सोडणारा जिवाणू वाढला की तो आजूबाजूचं औषधही संपवतो, मग त्याच्या कडेने दुबळे जिवाणूही फुकटात वाढतात. माझ्या ‘गर्दी’तल्या बारक्या वसाहती त्यातल्याच होत्या. ताज्या प्लेटवर, शेजारी संवेदनशील ई. कोलायचा कंट्रोल लावून केलं तर गर्दी निम्म्याहून कमी झाली. पण संपली नाही. खडूवाला होता तसाच.

मग गाळातल्या आणि जंगलातल्या प्रतिरोधी वसाहती संवेदनशील ई. कोलायबरोबर रात्रभर एकत्र वाढवल्या, प्रतिरोध पलीकडे जातो का पाहायला. गाळातल्या काहींनी दिला. जंगलातल्यांपैकी एकानेही नाही. नमुने थोडे आहेत, उगाच नाचत नाही. पण गाइडनी प्रकल्पाचं शीर्षक खोडून ‘प्रतिरोध किती’च्या जागी ‘प्रतिरोध किती फिरता’ असं लिहिलं.

जिवाणूताई

गाइडना माझा नमस्कार सांगा. क्लास-१ इंटिग्रॉनचा (प्रतिरोधाची जनुकं गोळा करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याचा) पीसीआर, म्हणजे तो डीएनए शोधायची चाचणी, दोन्ही मातींवर करून घ्या, माणसाच्या सांडपाण्याची खूण म्हणून तो बरा चालतो. आणि ‘एकानेही नाही’ लिहिताना सोबत हेही लिहा की स्ट्रेप्टोमायसिस ई. कोलायला सहजासहजी प्लाझ्मिड देणारच नाही, दोघं फार लांबचे. खडूवाला त्या हिशेबातून वगळा.

पेट्रीवाला

वगळतो. तरी त्याच्यासाठी एक गंमत केली. प्लेटच्या मधोमध त्याची उभी रेघ ओढली, पाच दिवस वाढू दिला, मग दोन्ही बाजूंनी बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूच्या आडव्या रेघा त्याच्यापर्यंत आणल्या. आज सकाळी बघितलं. बॅसिलस कडेला मस्त वाढलाय आणि खडूवाल्याच्या दीडेक सेंटीमीटर अलीकडे येऊन थांबलाय. सगळ्या रेघा, एका ओळीत.

अवांतरे

म्हणजे कारखाना निघाला ना? दुसरा प्रतिसाद माझा आहे, नोंद व्हावी.